गणपती ते लाभपंचमी: बडोद्यात पहिल्यांदाच घर चालवणाऱ्यांसाठी पैशांचे वेळापत्रक

बडोद्यात नुकताच संसार मांडलेल्या मराठी घरांत एक ठाम समजूत असते: दिवाळीचा खर्च दिवाळीत होतो. समजूत स्वाभाविक आहे. पुण्या-नाशिकला आई-बाबांच्या घरी रवा, तूप, पणत्या, बहिणीची साडी हे सगळे दिवाळीत दिसायचे. ते कोणत्या महिन्याच्या पगारातून आले, हे विचारायची वेळ आपल्यावर कधी आलीच नाही.

स्वतःचे घर सुरू झाले की कळते, दिवाळीचे निम्म्याहून जास्त पैसे दिवाळीआधीच गेलेले असतात. त्यातून बडोद्यात आपण दोन पंचांगे जगतो. गणपती आणि भाऊबीज आपली. नवरात्रीचे गरबे, दसऱ्याची फाफडा-जिलेबी, बेस्तु वरस (गुजराती नवे वर्ष) आणि लाभपंचमी (दिवाळीनंतर दुकाने पुन्हा उघडण्याचा दिवस) गावाची. गावात राहायचे तर गावाचे सणही खिशातून जातातच.

म्हणून हिशेबाला बसताना "एकूण किती लागतील?" इथून सुरुवात करू नका. आधी "कधी लागतील?" ते लिहा. एकूण बेरीज बहुतेक घरांची जमते, घोळ तारखांत होतो.

आधी कॅलेंडर

भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरवा आणि पेन घेऊन बसा. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आल्यामुळे पुढचे सगळे सण उशिरा आहेत. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला, धनत्रयोदशी ६ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन रविवारी ८ नोव्हेंबरला, पाडवा १० ला आणि भाऊबीज ११ ला. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या २०-२१ तारखेला होते. म्हणजे ज्यांचा पगार १ तारखेला होतो त्यांना गेल्या वर्षी पगारानंतर वीस दिवस पैसे राखून ठेवावे लागले. यंदा दिवाळी पगाराच्या पाठोपाठ येते. खर्च तेवढाच, पण आखणी पूर्ण वेगळी. गेल्या वर्षीचा कागद तसाच यंदा वापरता येत नाही, तो यासाठी.

आता त्याच कॅलेंडरवर पगाराच्या तारखांना गोल करा. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत अनेकांचा पगार ७ तारखेला किंवा त्याहून उशिरा होतो. तुमचा १० ला होत असेल, तर यंदा तो थेट पाडव्याच्या दिवशी येतो आणि त्या दिवशी ऑफिसला सुट्टी असण्याचीच शक्यता जास्त. दिवाळीआधी पगार लवकर करणार आहेत का, हे अकाउंट्समध्ये सप्टेंबरातच विचारून ठेवा. विचारायला लाज वाटण्याचे कारण नाही, तिथे हा प्रश्न दर वर्षी येतो.

गावी जाणार असाल तर आणखी एक तारीख आहे आणि नवख्यांची हमखास चुकते ती हीच. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, प्रवासाचा दिवस सोडून. ६ नोव्हेंबरला निघायचे तर तिकीट ७ सप्टेंबरला खुले होणार. भाऊबीज करून १२ ला परतायचे तर १३ सप्टेंबरला, म्हणजे गणपती बसायच्या आदल्या दिवशी. वेटिंगवर असलात तरी पैसे त्याच क्षणी कापले जातात. दिवाळीचा पहिला खर्च असा दिवाळीच्या दोन महिने आधी, मूर्ती आणि मोदकांच्या आठवड्यातच उभा राहतो.

मग बँकेचे स्टेटमेंट

मागच्या तीन महिन्यांचे स्टेटमेंट डाउनलोड करा. फोनच्या स्क्रीनवर वाचू नका, छापून घ्या. झेरॉक्सच्या दुकानात वीस-तीस रुपये जातील, जाऊ द्या. एका रंगाने न हलणारे खर्च खुणावा: भाडे, सोसायटीचा मेंटेनन्स, गाडीचा हप्ता, विम्याचा हप्ता, एसआयपी, मुलांची फी. या प्रत्येकापुढे तारीख लिहा. आपोआप कापले जाणारे हप्ते खात्यात पैसे नसले की परत जातात. मग बँक दंड लावते, हप्ता घेणारी कंपनीही लावते, आणि कर्जाच्या हप्त्याची नोंद सिबिलमध्ये होते ती निराळीच.

रोज न दिसणारे खर्च वेगळे शोधावे लागतात. इथे घरगुती विजेचे बिल दोन महिन्यांनी येते. महाराष्ट्रातून आलेल्यांना दर महिन्याची सवय असते, त्यामुळे पहिल्या वर्षी ते बिल अंगावर आल्यासारखे वाटते. स्वतःचे घर असेल तर महापालिकेचा वेरा, म्हणजे घरपट्टी. सहामाही किंवा वार्षिक विमा. शाळेची दुसऱ्या सत्राची फी. नोकरीबाहेरचे काही काम करत असाल आणि आगाऊ कर लागू होत असेल, तर त्याचा एक हप्ता १५ सप्टेंबरला भरायचा असतो. यंदा तो गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पडतो.

छोट्या यूपीआय पेमेंटची बेरीज मात्र फार खोलात जाऊन करू नका. चहा, शेव-उसळ, रिक्षा यांचा आकडा पाहून नवरा-बायकोत भांडण होते आणि हाती काहीच लागत नाही. महिन्याची एक अंदाजी रक्कम धरा आणि पुढे चला.

एक नमुना

समजा दोघांचे घर आहे. हातात येणारा पगार ४८,००० रुपये, १ तारखेला. भाडे, किराणा, हप्ते, पेट्रोल सगळे धरून नेहमीचा खर्च ३४,०००. म्हणजे दर महिन्याला १४,००० मोकळे, सप्टेंबर ते नोव्हेंबर मिळून ४२,०००.

आता सणांची यादी. गणपती ५,०००. रेल्वेची जायची-यायची तिकिटे ४,५००. नवरात्र ४,०००. दसरा १,५००. घराची साफसफाई, थोडा रंग, पडदे २,०००. कपडे ८,०००. फराळाचे सामान आणि सुकामेवा ४,०००. ओवाळणी आणि भेटी ५,०००. कामवाल्या बाई, वॉचमन वगैरेंची बोणी, म्हणजे दिवाळीची बक्षिसी, ३,०००. गावाकडचा वरखर्च ३,०००. झाले ४०,०००. त्यात ऑक्टोबरमध्ये येणारे २,००० चे वीजबिल धरले की ४२,०००. मोकळे पैसे ४२,०००, खर्च ४२,०००. कागदावर सुरेख जमले.

हेच महिन्यांत वाटून पाहा. सप्टेंबरमध्ये गणपती आणि तिकिटे, ९,५००. म्हणजे ४,५०० शिल्लक. ऑक्टोबरमध्ये नवरात्र, दसरा, साफसफाई, कपडे, शेवटच्या आठवड्यात भरायचे फराळाचे सामान आणि वीजबिल, मिळून २१,५००. हातात ४,५०० अधिक १४,०००, म्हणजे १८,५००. ऑक्टोबरअखेर ३,००० रुपयांचा खड्डा. नोव्हेंबरमध्ये खर्च ११,००० आणि येणार १४,०००, म्हणजे तो खड्डा तिथे भरून निघतो. पण मधले आठ-दहा दिवस काय करायचे? त्या दिवसांत पाकिटातून क्रेडिट कार्ड बाहेर येते आणि एकदा आले की तीन हजारांवर थांबत नाही.

उपाय किरकोळ आहे. कपड्यांचे निम्मे, म्हणजे ४,००० रुपये, १ ते ५ नोव्हेंबरमध्ये ढकला. तयार कपडे, नवऱ्याचा शर्ट, मुलांचे काही असेल ते. शिवायचे असेल ते आधीच घ्यावे लागते, कारण शिंपी दसऱ्यानंतर दिवाळीचे ब्लाउज घेत नाही, आणि घेतले तरी वेळेवर देत नाही. इतका एक बदल केला की ऑक्टोबरअखेर हजार रुपये हातात राहतात.

तुमचे आकडे वेगळे असतील. पण कागदावर तीन महिन्यांचे तीन रकाने पाडा आणि प्रत्येक रकान्याखाली "शिल्लक" लिहा. ज्या रकान्यात उणे येते तिथूनच खर्च उचलून इकडे-तिकडे ठेवायचा. बाकीच्या रकान्यांना हात लावायची गरज नाही.

पितृपक्ष यंदा सप्टेंबरच्या शेवटच्या दिवसांपासून घटस्थापनेच्या आदल्या दिवसापर्यंत आहे. तुमच्या घरी त्या पंधरवड्यात नवीन वस्तू घेत नसतील तर घेऊ नका. पण पडदे धुवायला, माळा साफ करायला, जुने पितळ घासायला पितृपक्ष आडवा येत नाही. भंगारवाल्याला रद्दीही तेव्हाच द्या. दिवाळीच्या तोंडावर सगळे गाव रद्दी काढते आणि भाव पडतो.

वाण्याची वही

हा भाग बडोद्यात नवीन असलेल्यांनी जरा सावकाश वाचावा.

गुजरातचे व्यापारी वर्ष कार्तिक प्रतिपदेला, म्हणजे आपल्या पाडव्याला सुरू होते. यंदा १० नोव्हेंबरला विक्रम संवत २०८३ लागेल. दिवाळीला चोपडापूजन, म्हणजे हिशेबाच्या वह्यांची पूजा होते, नवी वही उघडते. आता हिशेब संगणकावर असले तरी दुकानदाराच्या मनातली रेघ तीच आहे: जुनी उधारी जुन्या वर्षातच मिटली पाहिजे. एरवी तीन-तीन महिने "आपजो ने, शी उतावळ छे" (द्या हो, घाई काय आहे) म्हणणारा गल्लीतला वाणी दसऱ्यानंतर एकदम बदलतो. "बेन, दिवाळी पहेलां हिसाब चोख्खो करी नाखजो." रागावू नका, हे तो प्रत्येकाला सांगतो.

म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या छोट्या खात्यांची यादी काढा. वाणी, दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, मेडिकल, शिंपी. प्रत्येकाकडून आकडा लिहून घ्या. यातले निम्मे पैसे तुम्ही "खर्च झाले" असे धरलेले असतात, पण प्रत्यक्षात दिलेले नसतात. वर केलेल्या हिशेबात ते कुठेच नाहीत. दोन-तीन हजार सहज निघतात. मोठी रक्कम असेल तर ऑक्टोबरमध्ये अर्धी आणि १ नोव्हेंबरनंतर अर्धी, असे आधीच बोलून ठेवा. आधी सांगितले तर कोणी नाही म्हणत नाही. धनत्रयोदशीला सांगितले तर वर्षभर लक्षात ठेवतात.

दुसरी गोष्ट बंद दुकानांची. पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत जुन्या शहराचा मोठा भाग बंद असतो. मांडवी, मंगळ बाजार, नवा बाजार, जिथे दिवाळीच्या आदल्या रात्री पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे शटर खाली. लाभपंचमीला मुहूर्त करून मग दुकाने उघडतात. मॉल आणि घरपोच सामान देणारी ॲप चालू असतात, त्यामुळे उपाशी कोणी राहत नाही. पण पिठाची गिरणी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार हे मिळत नाहीत. दाहोद-पंचमहालकडची कामगार मंडळी गावी गेलेली असतात. गीझर कुरकुरत असेल, नळ गळत असेल तर ऑक्टोबरमध्येच दुरुस्त करून घ्या. दिवाळीत नळ फुटला की जो कोणी येईल तो मागेल ते द्यावे लागते.

१२ नोव्हेंबरला गावाहून परतणाऱ्यांना तर हे जास्तच लागू. फ्रिज रिकामा, वाणी बंद, गिरणी बंद. जायच्या आधी पाच किलो गहू दळून ठेवा आणि दोन-तीन दिवसांचे डाळ-तांदूळ, कांदे-बटाटे घरात असू द्या. नाहीतर चार दिवस बाहेरून जेवण मागवले जाते आणि साऱ्या वेळापत्रकावर पाणी पडते.

किराण्याबद्दल एक सावधगिरी. शेजारचे गुजराती कुटुंब हाथीखान्याच्या घाऊक बाजारातून तेलाचा १५ किलोचा डबा आणते, डाळी पोत्याने भरते, आणि तुम्हालाही वाटते आपणही आणावे, स्वस्त पडेल. त्यांच्या घरात सहा माणसे आहेत. दोघांच्या घरात तो डबा उन्हाळ्यापर्यंत पुरतो, शेवटी वास धरतो, आणि अडीच-तीन हजार रुपये नेमक्या वाईट महिन्यात अडकून पडतात. घाऊक बाजारात जायचेच तर तीन-चार मराठी घरे मिळून जा आणि सामान वाटून घ्या. फराळाच्या ज्या वस्तू साध्या दुकानात नेमक्या मिळत नाहीत, चिवड्याचे पातळ पोहे, अनारशाचे पीठ, उटणे, त्या दांडिया बाजार-रावपुरा भागातल्या मराठी वस्तीच्या आसपास विचारा. शेवटच्या आठवड्यात मात्र तिथे जाऊ नका.

बोणी. कामवाल्या बाईंना दिवाळीला एका महिन्याचा पगार जादा देण्याची रीत अनेक घरांत आहे. काही घरे अर्धा पगार आणि साडी-मिठाई देतात. तुमच्या इमारतीत काय चालते ते शेजारी विचारा, कारण बाई चार घरी काम करतात आणि तुलना होणारच. वॉचमन, सफाईवाले, लिफ्टमन, दूधवाला, पेपरवाला, गॅसचा सिलिंडर आणणारा, कुरिअरवाला, सगळ्यांची नावे लिहून प्रत्येकापुढे रक्कम टाका. सोसायटी एकत्र वर्गणी काढत असेल तर वॉचमनला दोनदा देणे होत नाही ना, तेही पाहा. ६ ला निघणार असाल तर ५ पर्यंत वाटून मोकळे व्हा. पाडव्याच्या पहाटे सबरस, म्हणजे मीठ, विकायला मुले दारावर येतात. घरी असाल तर दहा-वीसच्या सुट्या नोटा हाताशी ठेवा. कोऱ्या नोटा हव्या असतील तर ऑक्टोबरच्या मध्यात बँकेत जा. सयाजीरावांनी १९०८ साली ज्या गावात बँक ऑफ बडोदा काढली, त्या गावातही धनत्रयोदशीच्या आठवड्यात दहाच्या कोऱ्या नोटांची गड्डी मिळत नाही.

बोनस आला तर

बोनस वरच्या तीन रकान्यांत धरलेला नाही, मुद्दाम. कायद्याने ज्यांना तो लागू आहे त्यांना किमान ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के मिळतो. पण ठरावीक पगारमर्यादेच्या वरच्यांना तो कंपनीच्या मर्जीवर असतो, आणि ज्यांना कायद्याने मिळतो त्यांचीही टक्केवारी पूर्ण पगारावर काढलेली असेलच असे नाही. शिवाय बोनस करपात्र आहे. "एक पगार बोनस" असे ऐकून आधीच टीव्ही घेऊन ठेवणारे अनेक आहेत.

आला की माझ्या मते क्रम असा असावा. आधी कार्डाची थकबाकी. मग ऑक्टोबरचा खड्डा, राहिला असेल तर. मग जे उरेल त्याचे निम्मे बाजूला आणि निम्मे मौजेसाठी. सगळाच बोनस मुदत ठेवीत टाका, असा सल्ला देणारे लोक सहसा स्वतः तसे करत नाहीत.

नवरात्र

मोठ्या मैदानांवरच्या गरब्याचे पास जितके उशिरा घ्याल तितके महाग पडतात, आणि नऊही रात्रींचा पास घेऊन चार रात्री जाणारेच जास्त. पहिल्या वर्षी दोन-तीन रात्रींचेच पास घ्या, बाकीच्या रात्री सोसायटीत किंवा जुन्या शहरातल्या पोळांमधल्या शेरी (गल्लीतल्या) गरब्यात जा. तो खर्च शून्य, आणि मला विचाराल तर मजा जास्त. चनियाचोळी नवा बाजारातून घेताना भाव करा. एकदाच नेसायची असेल तर भाड्यानेही मिळते. रात्री दीडनंतरचे खाणे हा खरा खर्च आहे, त्यासाठी वेगळी रक्कम ठेवा.

कार्ड, हप्ते आणि "शून्य व्याज"

क्रेडिट कार्ड वाईट नाही. त्याची बिलाची तारीख माहीत नसणे वाईट. समजा तुमचे बिल दर महिन्याच्या १८ तारखेला बनते आणि पुढे वीस दिवसांनी भरायचे असते. १९ ऑक्टोबरला केलेली खरेदी १८ नोव्हेंबरच्या बिलात येईल आणि पैसे ८ डिसेंबरपर्यंत द्यावे लागतील. तीच खरेदी १७ ऑक्टोबरला केली तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ऐन दिवाळीत. दोन दिवसांच्या फरकाने महिना मिळतो. पण हे फक्त पूर्ण बिल भरणाऱ्यांसाठी. "किमान रक्कम" भरली तर दंड टळतो, व्याज टळत नाही. ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे जाते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून लागते.

"नो कॉस्ट ईएमआय" हा सणासुदीतला सगळ्यात गोड शब्द. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. व्याज असतेच, दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट देते म्हणून ते दिसत नाही. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र तुमच्याकडूनच जाते. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: "रोख दिले तर किती?" रोख भाव कमी निघाला तर तो फरक म्हणजेच व्याज. आणि हप्ता घेतलाच, तर वरच्या तीन रकान्यांच्या पुढे सहा किंवा नऊ रकाने काढून प्रत्येकात तो लिहा. मार्चच्या रकान्यात दिवाळीच्या फ्रिजचा हप्ता लिहिताना हात आपोआप अडखळतो.

फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अनोळखी ॲपपासून लांब राहा. कर्ज देणारी बँक किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कंपनी कोणती, हे ॲपमध्ये स्पष्ट दिसत नसेल तर पुढे जाऊच नका. पार्सल अडकले, वीज कापणार, रिवॉर्ड पॉइंट संपणार, असे मेसेज या दिवसांत भरपूर येतात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. फसलातच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

सोने

धनत्रयोदशीला गुंजभर का होईना सोने घ्यायचे असेल तर हॉलमार्क पाहा: बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर हा क्रमांक बंधनकारक आहे आणि बीआयएस केअर ॲपवर तो टाकून पाहता येतो. काउंटरवर उभे असतानाच पाहा, सराफ नाराज होत नाहीत. घडणावळ दुकानागणिक बदलते, तिच्यावर घासाघीस होते. भावावर होत नाही. बिलात ३ टक्के जीएसटी येणार, तो बजेटमध्ये आधीच धरा. पाकिटात पाच हजार असतील तर दागिना नको. चांदीचे नाणे घ्या, किंवा नुसती पूजा करा.

दोन्हीकडची देणी

पहिल्या दिवाळीत सगळ्यात अवघड हिशेब ओवाळणीचा. तिच्या भावाला काय, त्याच्या बहिणीला काय, सासूबाईंना साडी केवढ्याची, तिच्या आईला केवढ्याची. हे दुकानात उभे राहून ठरवू नका. घरी, जेवण झाल्यावर, कागद घेऊन बसा. माझे मत स्पष्ट आहे: दोन्ही आयांना एकाच किमतीची साडी आणि दोन्हीकडच्या भावंडांना एकच रक्कम. पहिल्या वर्षी जे द्याल ते पुढे चालू राहते, वाढते, कमी करता येत नाही. म्हणून पहिला आकडा झेपेल असा, थोडा हात आखडूनच ठरवा. पाडव्याची ओवाळणी तर एकाच घरातल्या पैशांची. तिथे मोठी रक्कम देऊन कोणाला दाखवायचे आहे?

पुढच्या वर्षासाठी आताच

गावाहून आल्यावर, सामान जागेवर लावून झाले की खरोखर झालेला खर्च त्याच कागदावर वेगळ्या रंगाने लिहा. महिनाभरात केले नाही तर आठवत नाही. आलेला एकूण आकडा दहाने भागा आणि तेवढ्या रकमेचे दहा महिन्यांचे आवर्ती खाते डिसेंबरमध्ये बँकेत उघडा. वरच्या घराला ते महिन्याला ४,२०० पडेल. झेपत नसेल तर दोन हजारांचे उघडा.

मैत्रिणींची भिशी आणि सोनाराची अकरा महिन्यांची योजनाही लोक याच कामासाठी वापरतात. शिस्त लागते हे खरे, पण तिथल्या पैशांना विम्याचे संरक्षण नाही. शराफी मंडळ्या (गुजरातेतल्या पतसंस्था) आणि पतपेढ्यांमधल्या ठेवींनाही नाही. बँकेत, अगदी सहकारी बँकेतही, एका माणसाच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना ते आहे. हा फरक ठाऊक असून भिशी लावत असाल तर खुशाल लावा, फक्त तुमचा नंबर सप्टेंबरमध्ये येईल असा घ्या.

आवर्ती खात्याची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची ठेवा. पगार कधी कधी सुट्टीमुळे एक-दोन दिवस सरकतो असे असेल तर चौथ्या दिवसाची. भाडे ५ तारखेला जात असेल तर ५ ही तारीख टाळा. मुदत पुढच्या डिसेंबरची देऊ नका. २०२७ मध्ये लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या अखेरीस आहे, म्हणून खाते ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोकळे होईल असे दहा महिन्यांचेच ठेवा.